'भर' म्हणजे काय?

मुलगी : नाही गं आई, एकच तुकडा असला की उत्तर बिनचूक येतं. दोन जोडले की पूल मध्येच लोळतो.

आई : मध्ये म्हणजे सांध्यावर?

मुलगी : बरोब्बर सांध्यावर. तिच्या गणितातच घोळ आहे. आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं मी.

बाबा : ती कोण?

मुलगी : माझ्या समोरच्या टेबलावर बसते ती. पुलाचे कल्पनेत तुकडे पाडायचे, एकेका तुकड्याचा ताठपणा काढायचा, हे तिच्या प्रोग्रॅमचं काम. ते आकडे एका मोठ्या तक्त्यात कसे बसवायचे, ती पद्धत माझी.

बाबा : अरे वा! आईची खुर्ची पटकावलीस की. आमच्या पुलांच्या ऑफिसात तुकड्यांच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या मी लिहायचो, तक्ता ही भरायची. पेन्सिलीनं.

मुलगी : आणि तिथंच तुमचं दोघांचं जमलं. शंभरदा ऐकलंय, बाबा.

आई : तुम्ही जरा थांबा हो. पद्धत काय आहे तुझी?

मुलगी : सोप्पी. तक्ता तिच्या प्रोग्रॅमच्या हातात द्यायचा. वर सूचना एकाच शब्दाची, 'भर'.

आई : आणि सांध्याच्या चौकटीत आधीच आकडा असला तर?

मुलगी : तर भर घालायची! एकाच सांध्यावर दोन तुकडे टेकतात, दोघांचा ताठपणा मिळवायला नको?

आई : हे तुला ठाऊक. तिनं वाचलं 'भर'. बादली भर, फॉर्म भर. ती जुना आकडा पुसून नवा भरत असणार.

मुलगी : अगं आई गं.

आई : मीही पहिल्या दिवशी हेच केलं. साहेब म्हणाले, तक्ता भरा. मी भरला, खोडरबरानं स्वच्छ पुसून. पूल कागदावर लोळला, आणि मी म्हटलं, चिठ्ठ्याच चुकल्यात.

बाबा : ऑफिसभर म्हटलंस. दोन दिवस बसून एकशे बारा चिठ्ठ्या पुन्हा काढल्या मी. दर वेळी तेच उत्तर. म्हटलं, आपल्याला साधी वजाबाकी तरी येते का!

मुलगी : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

बाबा : हिची अब्रू आहे ती. चव्हाट्यावर कशी मांडू?

आई : चूक माझीच, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं हो, पण सांगायला जीभच रेटेना. अजून लाज वाटते त्याची.

मुलगी : मग पुढे?

आई : पुढे तक्त्याला हात फक्त माझा. यांनी चिठ्ठी द्यायची, आकडे आणि सांध्यांचे नंबर. मिळवायचं मी.

मुलगी : म्हणजे तिच्या हातात तक्ता द्यायचाच नाही. चिठ्ठी घ्यायची, बेरीज आपल्याकडे. चार महिन्यांचं काम उलटं करावं लागणार! आणि उद्या सगळ्यांसमोर कबूल करायचं.

आई : सगळ्यांना उद्या सांग. तिला आत्ता.

मुलगी : (फोन कानाला लावून) हॅलो, मी बोलतेय. काय करतेयस?... पुन्हा तपासतेयस? कितव्यांदा?... बंद कर ते. अगं, घोळ माझ्या सूचनेत होता... नाही, तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. खरंच तुझं बरोबर होतं.