ऑफ की फॉर

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मी धड जेवलोसुद्धा नाही. आमची सून मीनाक्षी तमिळ. लग्न नुकतंच झालेलं, तिचं मराठी जेमतेम, त्यामुळे आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि कामापुरतंच व्हायचं. ती बदलापूरहून अंबरनाथच्या कंपनीत स्कूटरने जाते. चिखलोलीजवळ रस्ता खोदलाय असं कळलं, म्हणून मी तिला मेसेज टाकला, 'रोड इज बॅड. आय ॲम अफ्रेड ऑफ यू.'

तिने वाचला, पण उत्तर दिलं नाही. मला चैन पडेना. शेजारच्या देसाई टीचरना मेसेज दाखवला.

"अहो, इथे फॉर हवं होतं," त्या म्हणाल्या. "फॉर म्हणजे तुम्हाला तिची काळजी वाटते. ऑफ म्हणजे तुम्ही तिला घाबरता."

दुपारभर मी गॅलरीतून दारापर्यंत फेऱ्या मारत होतो. संध्याकाळी ती आली, हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर बसली.

"बाबा, तुम्ही मला घाबरता?" तिने इंग्रजीतच विचारलं.

"नाही गं. मला फॉर लिहायचं होतं, चुकून ऑफ झालं."

"माझं ऑफच आहे," ती हळूच म्हणाली. "मी तुम्हाला खूप घाबरते."

मग चहा मी केला.