ड्रायव्हर बदलतात तिथे

...नाही नाही, खिडकीशी तूच बस, मला त्या झाडांचं काही कौतुक राहिलेलं नाही. नणंद मायेची आहे असं समजू नकोस हं — वळणावळणाला तुला मळमळतं, सकाळपासून बघतेय मी, अन् माझी ही एकच बरी साडी आहे. का रडतेयस? नवऱ्यासाठी? लग्नाला आठवडा झाला नाही तर — येत्या रविवारी येतो म्हणाला ना? म्हणणारच. माझ्या भावाचं सगळं बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. आई गेली तेव्हाही रविवारी येतो म्हणाला होता. कुठल्या रविवारी, ते आम्ही विचारायचं राहिलं.

अशी बघतेस काय? सांगितलं नाही त्याने? मोठं घर, मागे जंगल, बाबा जरा थकलेत — एवढंच ना? थकलेत! कमरेखाली लुळे पडलेत ते. हात मात्र शाबूत — काठी बरोब्बर लागते. ही भुवई बघ. लोकांना मी दार लागलं म्हणून सांगते. रात्री कूस बदलायला हाक मारतात, तीही आईच्या नावाने — आपण ओ द्यायची, वाद घालायचा नाही. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, अंधार पडला की दाराबाहेर पाऊल नाही, जनावरं फिरतात. शेजारीण आज बसलीय त्यांच्यापाशी, पण तीसुद्धा अंधाराच्या आत उठते, आपल्या घरी जाते. शिकशील तू. मी शिकलेच की.

मी? मी कशाला राहतेय? तुला घर दाखवायचं, कुठली गोळी कधी ते सांगायचं, अन् उद्याच्या गाडीने परत. शिवणाच्या कारखान्यात काम ठरवून आलेय, खोलीसुद्धा बघितलीय — खिडकीतून नुसती समोरची भिंत दिसते, एक झाड नाही! भावाला स्थळं काय कमी होती? पण त्या पोरींच्या आया तोंडाळ, दुसऱ्या दिवशी येऊन लेक घेऊन गेल्या असत्या. तुला सावत्र आई. मीच भावाला म्हटलं, हीच कर, मार खाऊन वाढलीय, मुकाट राबेल. अन् परत जायला हिला घर आहे कुठे?

हं, आलं बघ ठिकाण. इथे ड्रायव्हर बदलतात. गावाकडून येणारा आपली ही गाडी घेऊन मागे फिरतो, आपला त्याची घेऊन शहरात. दोघंही रात्री स्वतःच्या घरी झोपतात, शहाणे लेकाचे. ती बघ, शहराची गाडी उभीच आहे समोर. जा, तोंड धुऊन ये. पिशवी कशाला तोंड धुवायला? बरं, ने बाई.

अगं, नळ इकडे आहे — अगं, ती आपली गाडी नव्हे! ए! उतर खाली! वेड लागलंय का, त्या नवऱ्याशिवाय कोण आहे तुझं तिथे? मी आपली गंमत केली गं, बाबा चांगले आहेत, बाबा फार चांगले — अहो, थांबवा ती गाडी! आमची सून आहे ती!

गेली.

काय? नाही हो कंडक्टर, मला कसं जाता येईल तिच्या मागे? शेजारीण अंधाराच्या आत उठते. ही खिडकीची जागा रिकामी झालीय, बसवा कुणालाही. फक्त माझ्याशी बोलू नका म्हणावं. सोडा गाडी.