पिंगळ्याचा दगड

—नाही मॅडम, तो नाही. तो साधा पिंगळा. डोक्यावर बघा, मीठ सांडल्यासारखे ठिपके आहेत ना? मग साधाच. आपला रानपिंगळा वेगळा — डोकं जवळजवळ कोरं, छातीवर जाड पट्टे, आणि भर उन्हात उघड्या फांदीवर बसून शेपटी अशी डावी-उजवी झटकत राहतो. बाकीचे पिंगळे रात्रपाळीवाले, हा आपल्यासारखा सकाळी कामाला निघतो. हळू चला. सागाचा पाला पापडासारखा वाजतो. आणि बोलू नका — म्हणजे तुम्ही कुठे बोलताय, मीच बोलतोय सकाळपासून. आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं माझं, तेव्हा पहिलाच धडा — गाइडने तोंड बंद ठेवायचं. सर्टिफिकेट भिंतीला लावलंय घरी, जामसिंग पावरा, पक्षी मार्गदर्शक. आणि ठेवायचो हो मी बंद! पाहुणे वहीत लिहून जायचे, जामसिंग म्हणजे झाडासारखा माणूस. ह्या वर्षीच काय झालंय — गप्प बसलो की डोक्यात भलतंच सुरू होतं. त्यापेक्षा बडबड बरी.

इथून नाला ओलांडायचा. बूट काढायला नको, पाणी घोट्याएवढंच आहे — जरा थांबा हां. एकच मिनिट. — नाही, काही नाही. दगड बघत होतो. तुम्ही म्हणाल, हा कसला गाइड, पक्षी वर आणि हा पाणी आलं की खाली वाकतो. तीनदा वाकलो ना मी? मोजलंत वाटतं. सवय लागलीय, दुसरं काय. चला, वर पठारावर जायचंय, मोठ्या सागापाशी. खरं सांगू, तिकडे मी वर्षभर कुणाला नेलं नाही. पाहुणे यायचे, रानपिंगळा दाखव म्हणायचे, मी हळद्या दाखवायचो, सुतार दाखवायचो, शिक्रा दाखवायचो, पिंगळा आज नाही म्हणायचो आणि परत आणायचो. तुम्हालाही तसंच आणलं असतं, खोटं कशाला बोलू. पण त्या सागापाशी मोबाइलला रेंज येते. एक काडी, कधी दोन. आणि आज मला फोन यायचाय. बायको, रेवा, नंदुरबारला गेलीय, पोरीला घेऊन. मोठ्या दवाखान्यात. रिपोर्ट आहेत आज.

भूमिका. नववीत आहे, आश्रमशाळेत. काय झालंय — तेच तर कळत नाही ना! झिजतेय. ताप नाही, खोकला नाही, टीबी तपासला, तो नाही. गेल्या वर्षी होळीला हिने पायात घुंगरू बांधून रात्रभर नाच केला होता, दोन पोरींना भारी होती. आता तिचा घागरा दोरी आवळून आवळून नेसवते तिची आई. शहाद्याला नेलं तर तिथला कंपाउंडर मलाच म्हणतो, “तुन्ही पोर काही खास का नही रे?” खात का नाही म्हणे! खाते हो! भाकरी खाते, भात खाते, समोर बसवून खाऊ घालतो मी. जातं कुठे ते अन्न, देव जाणे. रेवा म्हणते नजर लागली. बडव्याकडे, आमच्या गावच्या मांत्रिकाकडे नेलं, त्याने कोंबडं मागितलं, दिलं. मी म्हटलं, दे. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो? आणि ह्याच तोंडाने मी गावोगाव सांगत फिरतो — घुबड अशुभ नाही, पिंगळा शेतकऱ्याचा मित्र, उंदीर खातो, अंधश्रद्धा सोडा. माईकवर सांगतो. लोक टाळ्या वाजवतात.

पाणी पिता? प्या. चढ आहे.

आमची आजी सांगायची ते माहीत आहे का तुम्हाला? तुमच्याकडेही सांगत असतील. घुबडाला, पिंगळ्याला दगड मारू नये. मारला तर तो दगड ते उचलतं आणि वाहत्या पाण्यात नेऊन टाकतं. मग पाण्यात दगड झिजत जातो, आणि इकडे मारणाऱ्याच्या घरातलं माणूस झिजत जातं. ज्याच्यावर जास्त जीव असेल ना, तेच. — हसा, हसा. मीसुद्धा हसायचो. पिंगळा केवढा, मुठीएवढा. दगड केवढा, लिंबाएवढा. उचलणार कसा? चोचीत मावेल का? पायात धरेल का? नाहीच धरणार. अक्कल आहे मला, बारावी झालोय मी. पण रात्री भूमिकाच्या गळ्याची हाडं दिसतात ना अंथरुणात, तेव्हा कुठे जाते बारावी?

हो मॅडम. मारला. मीच मारला, आणखी कोण?

गेल्या वर्षी, होळी झाल्यावर आठ दिवसांनी. एक साहेब आले होते, हातभर लांबीची लेन्स. त्याच मोठ्या सागावर पिंगळा दाखवला त्यांना, छान समोर बसलेला. शंभर फोटो काढले. मग म्हणाले, जामसिंग, बसलेला सगळ्यांकडे आहे, मला उडताना पाहिजे. मी म्हटलं थांबू, उडेल की. म्हणाले, ऊन चढतंय, उडव ना जरा. टाळी वाजवली, उडाला नाही. मग मी — शेजारच्या फांदीला मारला हो! नुसता भ्यायला पाहिजे म्हणून! पण लहानपणापासूनचा हात, तो कुठे ऐकतो. पंखाला लागला. किंकाळी फोडली तिने, मादी होती, ढोलीत पिल्लं होती तिची. कोलमडत झाडीत गेली. साहेब म्हणाले, मस्त मिळाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी तो दगड शोधला. का शोधला, माहीत नाही, आजी आठवली असेल. घोटाभर पाचोळा उपसला, नाही सापडला. काळा होता, मध्ये पांढरी रेघ, लहान पोराच्या कमरेला करदोडा असावा तशी. हातात घेताना बघितलेला मी नीट. दोन महिन्यांनी भूमिका सुट्टीत घरी आली, आणि रेवा म्हणाली, पोर वाळलीय का हो जरा?

तेव्हापासून नाले बघतोय. मिळाला तर पाण्यातून काढायचा, कोरडा करायचा, घरात ठेवायचा, बस. झिजणं थांबेल. बायकोला नाही सांगितलं. तिला काय सांगू, तुझी पोर मी मारतोय म्हणून? तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही उद्या पुण्याला जाणार.

आलं बघा. तो साग. रेंज — नाही अजून. इकडे मोहाची फुलं वेचणाऱ्या बायकांनी पाला जाळलाय, वेचायला जागा साफ व्हावी म्हणून, आणि आग सागाखाली पण फिरलीय. किती सांगितलं तरी — शू! हलू नका. दुसरी फांदी, खोडाच्या डावीकडे. दिसला? शेपटी बघा, शेपटी! रानपिंगळाच. आणि पंख — मॅडम, डावा पंख बघा, जरा लोंबतोय. तीच आहे. तीच आहे हो! चोचीत सरडा आहे, म्हणजे पिल्लं आहेत ह्या वर्षीसुद्धा. माझी माय, जगलीस तू. — डोळ्यात काही गेलं नाही, रडतोय मी, तुम्ही तुमचा फोटो घ्या.

घेतला? मग चला मागे. — काय करताय? वाकू नका! मॅडम, ठेवा तो दगड खाली! उडवायचं नाही तिला, मी सांगितलं ना सगळं, माणूस आहात की कोण — काय? मारायला नाही? मग कशाला उचल—

बघू.

इकडे आणा.

हाच आहे. काळा, आणि ही रेघ. राखेत पडला होता? इथेच? म्हणजे वर्षभर इथेच, झाडाखाली. पाचोळ्यात. पाण्यात गेलाच नाही. कडा बघा, हात लावून बघा, बोटाला टोचतात अजून. कणभरसुद्धा झिजला नाही. तुम्ही हसताय — तुम्हाला वाटलं, जामसिंग सुटला. मलाही वाटलं, आत्ता, एक क्षण.

पण मॅडम, दगड तर आख्खा आहे. मग माझी पोरगी कशाने झिजतेय?

दगड होता तर मी शोधत तरी होतो काहीतरी.

— वाजतोय. हो, माझाच. दोन काड्या आल्या. रेवाचा आहे. नको, तुम्ही नका घेऊ. घेतो. घेतो ना. तुम्ही व्हा पुढे. पिंगळा दिसला ना तुम्हाला? झालं तर मग. वाट सरळ खाली जाते, चुकायची नाही. जा म्हटलं ना. आणि बोलू नका.