डोहासाठी बर्फ

...आणि वर मलाच विचारतो, "एवढीशीच लादी? घरचा बर्फ आणि हात आखडता?" आता मला सांगा, नदीत बर्फ टाकणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी रोज पाहायचो! माझा सख्खा थोरला भाऊ आहे तो! तुम्हाला सांगतो, माझा बर्फाचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक शेड, एक खडखडणारं मशीन आणि मी. बाहेर सरबतवाला ताटकळतोय, लग्नाच्या हॉलवाल्याचे फोनवर फोन येतायत आणि आमचा दादा टेम्पोत पुढे बसून हॉर्न वाजवतोय, "चल रे, ऊन चढायच्या आत पोचलं पाहिजे. दाढीचं पाणी झालंय रे नदीचं, दाढीचं!"

दाढीचं का, तर दादा न्हावी. जन्मभर वाटीतल्या कोमट पाण्यात बोट बुडवत आलेला माणूस, त्याला थर्मामीटर कशाला हवा? आणि त्या दुकानातल्या खुर्चीवरूनच त्यानं धरण पाडलं बरं का! हसू नका. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाली की वस्तरा हवेत धरायचा आणि सुरू... "आमच्या लहानपणी समुद्रातून चढणीचे मासे यायचे, हाताएवढे, पार डोंगरातल्या झऱ्यांपर्यंत जायचे अंडी घालायला. धरण झालं आणि भिंतीवर डोकं आपटून मेले बिचारे. पाडायला नको ते? पटतंय का?" आता गळ्याशी वस्तरा असल्यावर कुणाला पटणार नाही? धरण पाडा म्हणून त्यानं केलेल्या अर्जावर अख्ख्या गावानं तोंडाला फेस असताना सह्या केल्यात! वहिनी म्हणायची, "अहो, गिऱ्हाईक पळेल." तर हा म्हणे, "पळेल कुठे? अर्धी राहिलीय."

आणि पडलं की हो धरण! म्हातारं झालं होतं, कुणाच्या कामाचं उरलं नव्हतं, पाडलं सरकारनं. दादानं वडलांचा गळ काढला, नवी दोरी बांधली, दुकानाला कुलूप लावून काठावर जाऊन बसला... आणि नदीतून काय यावं? चिखल! भिंतीमागे साठलेला सगळा गाळ! बरं, दादा म्हणाला, जाईल धुऊन, जन्मभर थांबलो, आणखी थोडं. गाळ गेला, तर उन्हाळ्यात डोंगरांना वणवा लागला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! दोन्ही काठांची झाडं कोळसा झाली, सावली गेली, पाणी तापलं. दादा उकिडवा बसला, बोट बुडवलं आणि माझ्याकडे बघितलं. "दाढीचं पाणी रे."

आणि नेमके तेव्हाच मासे आले! आले हो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. धरण होतं त्याच्या जरा खाली डोह आहे, त्याच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे, तोंडं उघडी टाकून. वर झऱ्यांचं गार पाणी आहे, पण मधला टप्पा उथळ, तापलेला, तो काही ओलांडवेना त्यांना. नदीखात्याच्या बाईंनी फलक लावला, मासेमारी बंद. कुणाच्या सांगण्यावरून? आमच्या दादाच्या! जन्मभर गळाला तेल लावून ठेवलं, आणि मासा दारात आला तर म्हणतो, "दमलाय रे तो. दमलेल्याला कुणी ओढतं का?" आता बोला!

मग हे बर्फाचं खूळ. बाई म्हणाल्या, "काका, अशानं नदी गार होत नसते." "नदी नाही हो बाई, तेवढा कोपरा. हवा पालटेपर्यंत." अहो, बर्फ विकता विकता माझे केस पिकले, लादी किती टिकते हे मला माहीत नाही? पण तुम्हाला सांगतो... लादी पाण्यात सोडली की ते मासे हळूहळू सरकत यायचे. तिला लागून उभे राहायचे. दादा गुडघाभर पाण्यात, दोन्ही हातांनी लादी धरलेली, बोटं निळी पडलेली, आणि मला म्हणतो, "हळू बोल." आणि मी हळू बोललो! मी! मशीन चालू असताना ज्याची हाक चौकात ऐकू जाते तो मी! रोज जायला लागलो मग. सरबतवाल्यानं दुसरा बर्फवाला धरला. धरू दे.

मग आभाळ भरून आलं आणि एक जोरदार सर कोसळली. दादा दुकानासमोर भिजत उभा, अंगावर दुकानातला टॉवेल, लहान पोरासारखा ओरडतोय, "आता गार होईल! आता चढतील!" सकाळी टेम्पो भरून निघालो, लाद्या नको म्हटलं तरी ऐकेना, असाव्यात म्हणे. जाऊन बघतो तर नदी काळी. वणव्याची राख, सगळ्या डोंगरांवरची, धुऊन डोहात आलेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, ते असं असतं. कल्ल्यांत राख भरलेली आणि पांढरी पोटं वर... सगळ्यांची. दादानं बोट बुडवलं. बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाला, "गार आहे रे पाणी."

एवढंच. रडला नाही. मीच रडलो, खोटं कशाला बोलू? मला त्याचं तोंड बघवेना.

बाई आल्या, म्हणाल्या, "तपासणीला न्यायचेत हे. बर्फ मिळेल का?" मिळेल का? टेम्पोभर आहे की हो बाई! दादानं एकेक मासा उचलला, टॉवेलनं डोळ्यांवरची राख पुसली, अगदी हलक्या हातानं, आणि लाद्यांमध्ये निजवला. प्रयोगशाळा वरच्या अंगाला, डोंगरात, रस्ता नदीच्या काठानंच. दादा पुढे बसेना, मागे माशांपाशी बसला. भिंत होती त्या वळणावर आलो, तर मागून पत्र्यावर थाप मारली, "हळू घे रे. धरण ओलांडतोय आपण."

घेतला हळू. काय करणार? जन्मभर ज्याची वाट बघितली, तो मासा गेला हो एकदाचा धरणाच्या वर... माझ्या टेम्पोतून.