विहिरीच्या पायऱ्या

(सॅन फ्रान्सिस्को, चायनाटाउन. पोर्ट्समथ चौकातला बाक. दुपारची वेळ. वेंडेलच्या सहलीतले लोक नुकतेच पांगलेत.)

वेंडेल : आत्या, तू? टोपी काय, काळा चष्मा काय, तोंडाला मास्क काय! दोन तास माझ्या मागे चालत होतीस आणि मला पत्ता नाही?

आत्या : तिकीट काढून चालले. भाचा वस्ती दाखवतो म्हणे. ऐंशी वर्षं इथेच काढली, म्हटलं आपणही एकदा बघून घ्यावी.

वेंडेल : मग? कशी वाटली?

आत्या : त्या पागोड्याच्या छपराच्या बँकेला पार सम्राटांच्या काळात नेऊन ठेवलंस. माझ्या बाबांपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल ती.

वेंडेल : लोकांना जुनं आवडतं गं.

आत्या : वेव्हर्ली गल्लीतल्या सज्जांचं छान सांगितलंस. रॉस गल्लीतल्या बिस्किटांचंही. मग आपल्या जुन्या घराच्या जिन्यापाशी थांबलास.

वेंडेल : तो थांबा सगळ्यांना आवडतो.

आत्या : दिसलं ना. “माझे आजोबा म्हणजे कागदावरचा मुलगा! तेव्हा चीनहून येणाऱ्यांत इथल्या माणसाच्या पोरालाच आत घ्यायचे, म्हणून त्याचा मुलगा असल्याचे खोटे कागद विकत घेतले आणि हॉम आडनावाचे जू झाले!” केवढ्यानं ओरडलास रे. बाबा हे दार लावूनसुद्धा बोलायचे नाहीत.

वेंडेल : आता कोण पकडणार आहे त्यांना?

आत्या : आणि मग ते चौकशीच्या साहेबांचं. “गावच्या विहिरीला पायऱ्या किती?” “नऊ, साहेब, पण एक मोडकी आहे, जपून उतरा!” ती उंच बाई तर हसताना माझ्याच दंडाला लटकली.

वेंडेल : तूच सांगितलं होतंस ना मला? आजोबा गेले त्या दिवशी, जेवताना?

आत्या : नऊ एवढंच सांगितलं होतं. मोडकी पायरी तुझी.

वेंडेल : थोडं तिखटमीठ लावावं लागतं, आत्या.

आत्या : पायरी खरंच मोडली होती, वेंडेल.

वेंडेल : म्हणजे?

आत्या : बोटीतून आलेल्यांना आत घेण्याआधी बेटावर ठेवायचे, बापाची आणि पोराची उत्तरं जुळतात का बघायचे. तिथे चौकशीला दोन पोरं होती. एकाच बापाची म्हणून आलेली. एक माझे बाबा. दुसरा जू वा-सिंग, त्या माणसाचा खरा मुलगा. बाप कित्येक वर्षं इथेच, त्यानं नऊ सांगितल्या. बाबांनी पाठ केलेल्या उत्तरांच्या कागदातही नऊच. वा-सिंग म्हणाला, आठ. एक पुरात मोडून वाहून गेली होती. तो रोज पाणी भरायचा, त्यालाच ठाऊक.

वेंडेल : मग?

आत्या : मग काय. पाठ करणारा आत आला. खरा परतीच्या बोटीत बसला. तेरा वर्षांचा होता.

वेंडेल : नवीन वर्षाला आजी एक वाटी जास्त मांडायची...

आत्या : त्याची.

वेंडेल : मला वाटायचं, पूर्वजांची.

आत्या : बाबांनी त्या वाटीकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. त्याचं नाव घेऊन आपण जगतोय ना. तुझ्या छातीवर बिल्ला आहे, त्यावरचं ‘जू’सुद्धा त्याचंच.

वेंडेल : तीन वर्षं, आत्या. रोज दोनदा. मी लोकांना हसवत होतो त्याच्यावर. लाज वाटते गं. तू आधी का नाही सांगितलंस?

आत्या : लाजच वाटली. तोंडाशी यायचं आणि गिळायचे. आणि आज... आज मीही हसले रे. सगळे हसले तेव्हा, मास्कच्या आत. म्हणून इथे बसून राहिले. नाहीतर केव्हाच घरी गेले असते.

वेंडेल : काढून टाकतो बिल्ला.

आत्या : राहू दे. काढून कुणाचं भलं होणार?

वेंडेल : उद्या दहाला पंधरा जण आहेत. त्या जिन्यापाशी थांबणारच नाही. गप्प पुढे जाईन.

आत्या : गप्प तर आम्ही बसलोच की जन्मभर.

वेंडेल : मग काय करू? साहेबानं विचारलं पायऱ्या किती, इथपर्यंत आलो की पुढे काय सांगू?

आत्या : आठ सांग.