गोकुळा नान्हेचा बायोडाटा

लटारू : वाचून दाखवतो, आयक. 'अर्जदार ही अत्यंत गरीब घरची मुलगी असून तिचा बाप पत्रू नान्हे हा मासोळ्या मारून कुटुंबाचे पोट भरतो. तरी मेहेरबान जज साहेबांनी दया करून...'

गोकुळा : थांबा, लटारूभाऊ. हा बायोडाटा आहे, जामिनाचा अर्ज नाही.

लटारू : बावीस वर्षं झाली, चंद्रपूरच्या कोर्टाच्या फाटकासमोर टाइपरायटर घेऊन बसून राह्यलो. 'गरीब' लिवल्याबिगर माझ्या हातून एक अर्ज गेला नाई.

गोकुळा : जज साहेबांना दोन महिने हाताखाली काम शिकायला लॉचा एक विद्यार्थी पाहिजे. एकच. तो गरीब पाहिजे असं नोटिशीत कुठं लिहिलंय?

पत्रू : असू दे ना पोरी. त्याले समजते त्यातलं. आन् गरीब तं आपण हाओच.

गोकुळा : हाओ बाबा. पण मले त्याच्यावर जागा नाई पायजे.

लटारू : कागद वाया गेला. कार्बनबी. सव्वाचार झाले, पाच वाजता खिडकी बंद होते. बोल, नव्या कागदावर काय टाकू? नाव झालं. नागपूरले लॉचं दुसरं वर्ष, झालं. मार्क सत्तावन टक्के, झालं. आता 'अनुभव'. सकाळपासून सहा पोरायचे बायोडाटे टाइप केले. कोणी मामाच्या ऑफिसात बसते, कोणी बापाच्या. तुझा बाप तं डोंग्यात बसते.

पत्रू : तिलेबी बसवलं ना. जाळं चांगलं फेकते.

लटारू : ते लिवू?

गोकुळा : तलावाचं लिहा.

लटारू : कोणता तलाव?

गोकुळा : आमच्या गावचा. तो आम्हा ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीकडे असतो. त्र्याऐंशी साली, मी बारावीत होते तेव्हा, त्याचा लिलाव झाला आणि तो बाहेरच्या ठेकेदाराला गेला. लिलावाची नोटीस पंधरा दिवस आधी चावडीवर लागायला पाहिजे होती. लागली चार दिवस आधी. तेवढ्यावर तहसीलदारांकडे अर्ज केला.

लटारू : कोणाकडून लिवून घेतला?

गोकुळा : मीच लिहिला.

पत्रू : आन् अंगठ्यापायी आमाले आठ दिवस रडवलं. अर्ज पूरा आयकल्याबिगर कोणाले अंगठा लावू देत नोती. इथी लावा म्हटलं का लावतो आमी, एका मिनिटाचं काम. पण नाई. सोसायटीतल्या चंदाबाईनं तं तीनदा आयकला, आन् म्हणे, हे वाक्य खोटं हाये.

लटारू : होतं का खोटं?

गोकुळा : होतं. मी लिहिलं होतं, सोसायटीकडून काहीच चुकलं नाही. चंदाबाई म्हणाली, तलावाच्या ठेक्याची मुदत वाढवायचा कागद आपणच महिनाभर उशिरा दिला, ते कुठी गेलं? मग तेही लिहिलं. सगळा अर्ज नव्यानं केला आणि एकेचाळीस जणांना पुन्हा वाचून दाखवला.

लटारू : आपल्याच अर्जात आपलीच चूक? असा कागद मी जिंदगीत टाइप नाई केला. मंग हारले असान.

पत्रू : तलाव अजून आमच्याचकडे हाये, भाऊ. परवाच मरळ काढली त्यातून. अशी, हातभर.

लटारू : तहसीलदाराचा हुकूम हाये का काही?

गोकुळा : नक्कल आहे. पिशवीत.

लटारू : आन् इतक्या वेळची पिशवीत घेऊन बसली?

गोकुळा : मला वाटलं, अनुभव म्हणजे वकिलाच्या ऑफिसातलाच धरतात.

लटारू : कोणी सांगितलं? काढ ती नक्कल. आता तू सांग, मी टाकतो. तारीख, अर्ज, हुकूम. एकेचाळीस अंगठे. उशीर झाल्याचंबी टाकू?

गोकुळा : तेही टाका.

पत्रू : ते नोको टाकू, पोरी. जज साहेबाले काऊन सांगतं?

लटारू : पत्रूभाऊ, मधात बोलू नोका. पस्तीस मिनिटं राह्यली.

(दहा दिवसांनी, त्याच फाटकासमोर.)

लटारू : किती जण होते आत?

गोकुळा : सात. मी शेवटची.

लटारू : मार्क विचारले?

गोकुळा : मार्कांचं काहीच नाही. आधी तहसीलदारांचा हुकूम वाचला, मग बायोडाटा. मग म्हणाले, तुमच्या बाजूची चूक तुम्हीच कशाला लिहिली?

पत्रू : मी म्हणतच होतो.

लटारू : मधात नोका बोलू. तू काय म्हटलं?

गोकुळा : म्हटलं, आमच्या उशिराच्या कागदाची तारीख दप्तरात होतीच. ती ठेकेदारानं काढून दाखवली असती, तर आमचं बाकीचं खरंही खोटं वाटलं असतं.

लटारू : मंग?

गोकुळा : म्हणाले, हे तुला सुचलं? म्हटलं, नाही, चंदाबाईला. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकून घेतल्याशिवाय ती अंगठा लावत नाही.

लटारू : हसले असान.

गोकुळा : नाही. चंदाबाईचं पूर्ण नाव विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं.

लटारू : तिचं नाव राहू दे. जागा कोणाची झाली ते सांग. अर्ध्या तासापासून जीव टांगून ठेवला.

गोकुळा : माझी. सोमवारपासून, साडेदहाला.

लटारू : खरं?

गोकुळा : हे पत्र. सही आहे, शिक्का आहे.

लटारू : त्या सहाही पोरायचे बायोडाटे माझ्याच हातचे. एकापेक्षा एक. कागदबी इंपोर्टेड होता एकाचा.

गोकुळा : टाइपिंग तुमचं चांगलंच असतं, भाऊ.

लटारू : टोमणे नोको मारू. आन् आता चहा मी सांगतो. पत्रूभाऊ, बोला आता, मधात बोला, कायबी बोला.

पत्रू : पत्र पाहू दे.

लटारू : वाचता येते तुमाले?

पत्रू : नाई. पाहू तं दे. सोमवारी येईन मी तिच्यासंगं. फाटकाबाहेर थांबन, सुटली का घेऊन जाईन.

गोकुळा : बाहेर काऊन, बाबा? कोर्टात कोणालेबी बसता येते.

पत्रू : मले उठवन ना कोणी.

गोकुळा : नाई उठवत. मी साहेबाच्या बाजूच्या टेबलाशी असन. तुमी बाकावर बसा.

पत्रू : कोणत्या बाजूच्या?

गोकुळा : कोणत्याबी, बाबा.