एका शिवाराची दोन गावं

मंडळी, मास्तरांनी माझं नाव पुकारलं तवा तुमच्यात जी कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. म्हातारा झालो, बहिरा न्हाई झालो.

ज्याच्यासाठी आज आपण जमलो, तो दत्तू माझा सख्खा धाकटा भाऊ. अन् मी त्याचा थोरला, रंगनाथ पाटील. अकरा वर्षं आम्ही एकमेकाशी बोललो न्हाई. अकरा वर्षांत या पारावर मी आज पहिल्यांदा पाय ठेवला. मंग तुमच्या मनात येणारच, याला बोलायचा काय हक्क? बराबर हाय तुमचं. हक्क बिलकुल न्हाई. तरी बोलतो. ऐका.

डाव्या अंगाला गावातली माणसं बसलीत. उजव्या अंगाला आम्ही, ओढ्यापलीकडच्या वाडीचे. मधी ही एवढी जागा मोकळी सुटली. कोणी सांगितलं न्हाई, आपोआप सुटली. दत्तू असता तर नेमका तिथंच जाऊन बसला असता.

परवा मास्तर मला सांगत होते. म्हणे समुद्रापलीकडं एका देशात भांडण पेटलं, माणसं गुलाम ठेवायची का न्हाई. अन् ज्यांना ठेवायची होती ते उठले, आमचं राज्य वेगळं म्हणाले. मी म्हणलं, मास्तर, एवढ्या लांब कशाला जाता? ओढा ओलांडा की.

आपल्या गावात सहा घरं वेठीची. आम्हा मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी त्यांनी राबायचं. लाकडं फोडायची, गोठे काढायचे, सरकारी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला पोचवायच्या. मजुरी न्हाई. बाप गेला की लेकानं उभं राहायचं. हे असं का, म्हणून कोणी विचारलं न्हाई. मी तर गावचा पाटील. मी कशाला विचारतो?

एकदा भोकरदनहून अंमलदार आल्ता. त्याला टेंभुर्णीकडं जायचं होतं. पेट्या उचलायची पाळी धोंडीची, गावाची वेस राखणाऱ्या येसकराची. धोंडीचा बाप त्याच दिवशी पहाटे गेल्ता. प्रेत दारात होतं. मी निरोप धाडला, आधी पेट्या, मंग प्रेत.

धोंडी आला. पेटी डोक्यावर घेतली अन् चालू लागला. उन्हं कलल्यावर परत आला, तवा बापाला उचललं.

मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई, मंडळी. मी त्या दिवशी जेवलो. पोटभर जेवलो. दत्तूनं भरलं ताट न शिवता बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तो चावडीत उभा राह्यला. म्हणाला, "पाडव्यापासून गावात वेठ बंद. राबंल त्यानं मजुरी घ्यावी."

मी म्हणलं, "अन् गावाची कामं कोण करंल?"

म्हणाला, "दादा, आपल्याला हात हायेत."

मी हसलो. माझ्याबरोबर बरेच हसले. पण सगळे हसले न्हाईत, अन् तिथंच गाव फाटलं. मंग या पारावर दोन कोंडाळी बसायला लागली. ठरलेली लग्नं मोडली. पोळ्याला तोरणाखाली पहिला बैल कोणाचा, यावर काठ्या निघाल्या. शेवटी गाव बसलं, अन् निम्म्याहून जास्त माणसं दत्तूकडं झाली. मी उठलो. म्हणलं, जिथं आमचा शब्द चालत न्हाई, तिथलं पाणी पीत न्हाई. दहा घरं निघालो. ओढ्यापलीकडं नवी घरं बांधली. दगडाला शेंदूर फासून आमचा मारुती केला. आमची चावडी, आमचा पोळा.

राह्यली शिव, दोन गावांमधली हद्द. शिव ठरल्याबिगर वेगळं गाव सरकारी कागदावर चढत न्हाई. महसुलाचा गिरदावर मोजणीला आला अन् म्हणाला, "शिव दाखवणारा आणा."

आपली चाल तुम्हाला ठाऊक हाय. येसकरानं शेतातली माती डोक्यावर घ्यायची अन् चालायचं. तो चालंल ती शिव. माती डोक्यावर घेऊन खोटं चालला तर त्याचा वंश बुडतो असं आपण मानतो. म्हणून त्या दिवशी त्याच्या पावलापुढं पाटलाचाही शब्द चालत न्हाई.

अन् आपला येसकर कोण? धोंडी.

बघा आमची अक्कल! ज्याला माणसात धरायचं न्हाई म्हणून गाव सोडलं, त्याच्याच पायावर आमचं नवं गाव उभं राहायचं होतं. दहा घरांत एकाच्याही डोक्यात हे आधी आलं न्हाई.

मी धोंडीला गाठलं. दम भरला. "ओढ्याच्या कडंनं सरळ चाल, न्हाईतर तुझं खोपटं राहत न्हाई." दत्तूही त्याला भेटला होता. तो एवढंच म्हणाला होता, "धोंडीबा, खरं असंल तेच करा."

दोन्हीकडची माणसं जमली. धोंडीनं माती घेतली. वीसेक पावलं चालला. ओढ्यापाशी थांबला. डोक्यावरची माती खाली ठेवली अन् म्हणाला, "साहेब, हितं शिव न्हाई. माझ्या बापानं मला कधी दावली न्हाई. शिवार एकच हाय."

मी काठी उचलली. नेम धोंडीच्या डोक्यावर होता. लागली दत्तूच्या हाताला. तो मधी आल्ता.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो ओरडला न्हाई. म्हणाला, "दादा, आतातरी टाक ती काठी."

न्हाई टाकली मी.

गिरदावर दप्तर बांधून निघून गेला. कागदावर गाव एक राह्यलं, आम्ही दोन करून जगलो. दत्तूचा हात पुन्हा सरळ झाला न्हाई. तुम्ही सगळ्यांनी तो वाकडा हात बघितलाय. तो कशानं वाकडा झाला, असं कोणी विचारलं तर काय सांगायचा? बैलानं ढकललं म्हणायचा. खरंय. बैलच होतो मी.

गेल्या आठवड्यात तापात त्यानं माझं नाव घेतलं. त्याच्या बायकोनं निरोप धाडला, जल्दी या. मी ओढ्यापर्यंत आलो. ओढ्याला घोट्याएवढं पाणी. तिथं थांबलो. वाटलं, पलीकडून कोणीतरी "या पाटील" म्हणावं. पाटील ना मी! उभाच राह्यलो. मंग दत्तूच्या घरातनं रडणं ऐकू आलं.

घोट्याएवढं पाणी, मंडळी.

आता वाडीवाल्यांनो, ऐका. आपल्याकडं अजून दोन घरं वेठीला हायेत. आपल्या जागेवर त्यांची खोपटी, म्हणून ती अडकली. आजपासून माझ्या दारात वेठ बंद. त्या खोपटांची जागा त्यांची. अरे, उठता कशाला? संपतराव, बसा खाली. काठीवरचा हात काढा. एक काठी मी चालवली, तिचं काय झालं ते आत्ता सांगितलं ना? ज्याला वेठ ठेवायची त्यानं ठेवावी, पण त्यानं माझ्या मयताला येऊ नये. मला त्याचा खांदा नको.

धोंडीबा. मागं, पायरीखाली उभे हायात तुम्ही, दिसून राह्यलात मला. मी तुमची माफी मागत न्हाई. मी मागितली की तुम्हाला द्यावी लागंल. तीही वेठच होईल.

एकच सांगतो. तुमचा बाप माझ्या घरी जन्मभर राबला, अन् मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. येसकर म्हणूनच हाक मारली. काल दत्तूच्या बायकोला विचारलं. तिला ठाऊक होतं, दत्तूनं सांगितलं होतं. लखाबा.

लखाबा गेला तवा या गावात कोणी क्षणभर थांबलं न्हाई. आज थांबू. मंडळी, दोन्हीकडचे सगळे उभे राहा. माझ्या दत्तूसाठी, अन् लखाबासाठी. मधली जागा भरून घ्या.

धोंडीबा, तुम्ही वर या. तुम्ही पारावर बसा. आमच्यापुढं लई वर्षं उभे राह्यलात. आज आम्ही उभे राहतो.